साडेतीन आण्यांचा ध्वज



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, ते गणित शिकवीत. मी आयुष्यभर मराठी शिकविली. आमचा परिचय मात्र या दोन्ही विषयांमुळे झाला नाही. तो झाला माझ्या एका चुकीमुळे. ती चूक त्यांनी एका पोस्टकार्डावर, अवघ्या चार ओळींत, मला दाखवून दिली. मी त्यांना लगेच उत्तर लिहिले, आभारही मानले. पण ते शिष्टाचाराचे उत्तर होते. खरे उत्तर सापडावयास मला बरीच वर्षे लागली आणि तोवर गुरुजी राहिले नव्हते. तेव्हा आजचे हे व्याख्यान म्हणजे त्या पोस्टकार्डाला उशिरा दिलेले उत्तर समजावे.

हकीकत अशी. स्वातंत्र्याला पन्नास वर्षे पूर्ण झाली त्या १९९७ साली एका दिवाळी अंकासाठी मी एक लेख लिहिला होता. विषय होता राष्ट्रचिन्हे आणि आपली भाषा. त्यात ओघात मी लिहून गेलो की, स्वतंत्र भारताचे पहिले टपाल तिकीट राष्ट्रध्वजाचे निघाले आणि टपालवाल्याच्या पिशवीतून तिरंगा खेड्यापाड्यांत घरोघरी जाऊन पोहोचला. वाक्य लिहिताना मला ते फार आवडले होते. आवडलेल्या वाक्याची शहानिशा माणूस सहसा करीत नाही. अंक निघाल्यावर पंधरा-वीस दिवसांनी नंदेसरीचा शिक्का असलेले कार्ड आले. मजकूर असा: लेख वाचला, आवडला. ध्वजाचे तिकीट साडेतीन आण्यांचे होते. साडेतीन आण्यांत पत्र कोठे जात असे, ते आपण पाहिले असेलच. घरी त्या काळची पत्रे जपलेली असल्यास एकदा चाळावीत. खाली सही, आणि कंसात ‘गणितशिक्षक’.

मी पाहिले नव्हते, हे सांगावयास नकोच.

आता त्या तिकिटाकडे वळू. ते २१ नोव्हेंबर १९४७ रोजी प्रकाशित झाले. त्यावर वाऱ्यावर फडकणारा तिरंगा आहे, नागरी लिपीत ‘जय हिंद’ अशी अक्षरे आहेत आणि १५ ऑगस्ट १९४७ ही तारीख इंग्रजीत आहे. देशाचे नावही इंग्रजीतच. आज सवयीने आपण तिकिटावर ‘भारत’ हा शब्द शोधतो, पण तो नागरीत नेमाने छापला जाऊ लागला १९६२ सालापासून. म्हणजे पहिल्या तिकिटावर आपल्या लिपीत काही होते, तर ते देशाचे नाव नव्हे, जयघोष होता. आणि तोही कोणता? सुभाषबाबूंच्या आझाद हिंद सेनेत सैनिक एकमेकांना ज्या शब्दांनी अभिवादन करीत, तो. त्या सेनेच्या अधिकाऱ्यांवर लाल किल्ल्यात खटला उभा राहिला नोव्हेंबर १९४५ मध्ये. जे शब्द उच्चारणाऱ्यांवर सरकारने राजद्रोहाचा आरोप ठेवला, ते दोन वर्षांत सरकारी तिकिटावर छापले गेले. सुभाषबाबूंच्या आझाद हिंद चळवळीसाठी १९४३ साली जर्मनीतही तिकिटे छापण्यात आली होती आणि त्यांतील एका चित्रात सैनिकांच्या हाती झेंडा होता. पण ती तिकिटे कोणत्याही पत्रावर लागली नाहीत. टपालखातेच नसेल तर तिकीट हे केवळ चित्र राहते.

१५ ऑगस्टचे तिकीट नोव्हेंबरात का निघाले, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात. हिशेब करून पाहा. घटना समितीने राष्ट्रध्वजाचा ठराव संमत केला २२ जुलै १९४७ रोजी. पंडित नेहरूंनी तो मांडला होता. त्यापूर्वीच्या ध्वजावर चरखा होता. त्याच्या जागी अशोकाचे चक्र आले ते या ठरावाने. तेथून स्वातंत्र्यदिन अवघा २४ दिवसांवर होता. इतक्या अवधीत चित्र काढून, ते पसंत करवून, छपाईचे पत्रे तयार करून, देशभर हजारो टपालकचेऱ्यांत तिकिटे पोहोचविणे शक्यच नव्हते. ठरावापासून १२२ व्या दिवशी तिकीट हाती आले, ही माझ्या मते दिरंगाई नव्हे. फाळणीच्या त्या महिन्यांत, जेव्हा गाड्यांतून माणसे सुखरूप पोहोचत नव्हती, तेव्हा हे काम झाले, हेच विशेष.

ते काम झाले आपल्या नाशिकरोडला. १८५५ पासून सत्तर वर्षे हिंदुस्थानची तिकिटे लंडनच्या डे ला रू कंपनीकडून छापून येत. नाशिकरोडचा सिक्युरिटी प्रेस उभा राहिला आणि १९२६ पासून ती येथे छापली जाऊ लागली. १९२९ सालची विमानटपालाची तिकिटे आणि १९३१ सालची नवी दिल्लीच्या उद्घाटनाची तिकिटे याच छापखान्यातून निघाली. पंचम जॉर्ज, सहावा जॉर्ज यांचे मुखवटे कोट्यवधींच्या संख्येने येथेच छापले गेले. मराठी माणसाला नाशिक म्हटले की गोदावरी, पंचवटी आणि काळाराम आठवतो. नाशिकरोडच्या भोंग्यावर उठणाऱ्या माणसांनी देशाच्या टपालाचे आणि पैशाचे कागद छापले, याची नोंद आपल्या साहित्यात जवळजवळ नाही. मी मराठीचा प्राध्यापक असूनही ती मला उशिरा सुचली.

या छापखान्यात १९४७च्या उत्तरार्धात जे चालले होते, त्याचे चित्र डोळ्यांपुढे आणून पाहा. पाकिस्तानकडे तिकिटांचा छापखाना नव्हता. त्यामुळे सहाव्या जॉर्जच्या भारतीय तिकिटांवरच ‘पाकिस्तान’ ही इंग्रजी अक्षरे काळ्या शाईत छापून देण्याचे काम नाशिकला आले आणि ती तिकिटे १ ऑक्टोबर १९४७ पासून पाकिस्तानात चालू झाली. म्हणजे त्याच काही आठवड्यांत, त्याच आवारात, एका बाजूला राजाच्या चेहऱ्यावर नव्या शेजारी राष्ट्राचे नाव उमटत होते आणि दुसऱ्या बाजूला तिरंग्याची छपाई चालू होती. फाळणीवर मराठीत आणि इतर भाषांत पुष्कळ लिहिले गेले आहे. पण फाळणीचे याहून शांत, यांत्रिक आणि नेमके चित्र मला दुसरे आढळलेले नाही.

आता साडेतीन आण्यांची गोष्ट. मराठीत ‘साडेतीन’ या आकड्याला मोठा मान आहे. मुहूर्त साडेतीन, देवीची पीठे साडेतीन, पेशवाईतले शहाणेही साडेतीनच. पहिल्या राष्ट्रीय तिकिटाची किंमत साडेतीन आणे असावी, याचे मला एके काळी कौतुक वाटे आणि व्याख्यानांत मी ते बोलूनही दाखवीत असे. गुरुजींना असल्या योगायोगांत रस नव्हता. साडेतीन आणे म्हणजे जुने चौदा पैसे, म्हणजे बेचाळीस पै, एवढेच त्यांना दिसे. आणि पुढचा प्रश्न असे की, हे हंशील कशाचे? ते परदेशी जाणाऱ्या पत्राचे होते. ध्वजाचे तिकीट काढले गेले ते परदेशच्या टपालासाठी. त्यानंतर १५ डिसेंबर १९४७ रोजी आणखी दोन तिकिटे निघाली. एक दीड आण्याचे, अशोकस्तंभाच्या सिंहशीर्षाचे. ते देशातल्या देशात जाणाऱ्या पत्रासाठी. दुसरे बारा आण्यांचे, विमानाचे. ते विमानाने परदेशी जाणाऱ्या पत्रासाठी. तिन्हींवर ‘जय हिंद’ आहे. मात्र ध्वज आहे तो एकट्या साडेतीन आण्यांच्या तिकिटावर.

म्हणजे नव्या राष्ट्राने आपली निशाणी आधी जगाला दाखविली. त्यामागील विचार समजण्यासारखा आहे. लंडनच्या, न्यूयॉर्कच्या, नैरोबीच्या टपालकचेरीत हिंदुस्थानचे पत्र आजवर राजाचा मुखवटा लावून जात असे. आता ते स्वतःचा झेंडा लावून जाणार होते. तिकीट हे परदेशात आपल्या वतीने बोलणारे सर्वांत स्वस्त वकील असते. परंतु घरी काय? पै-पैशाच्या, अर्ध्या आण्याच्या, एका-दोन आण्याच्या रोजच्या तिकिटांवर सहावा जॉर्ज होता तसाच राहिला. कायद्याच्या दृष्टीने त्यात विसंगती नव्हती. २६ जानेवारी १९५० पर्यंत आपला देश वसाहतीच्या दर्जाचे स्वराज्य होता आणि राजा तोच होता. पण सामान्य माणूस कायद्याच्या दृष्टीने तिकीट चिकटवीत नाही.

संग्राहक टपाल तिकिटांच्या दोन जाती मानतात. एखाद्या प्रसंगाच्या आठवणीसाठी मर्यादित काळ निघते ते स्मारक तिकीट. वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा छापले जाते, जे टपालकचेरीच्या खिडकीवर मागितल्याखेरीज मिळते, ते रोजच्या वापराचे. त्याला ते ‘डेफिनिटिव्ह’ म्हणतात. आपले ध्वजाचे तिकीट या दोहोंच्या मधले. त्यावर एका दिवसाची तारीख आहे, म्हणून ते स्मारक. आणि नेमलेले काम रोजचे आहे, म्हणून नित्याचे. पण नित्याच्या तिकिटांची पूर्ण मालिका स्वतंत्र भारताने काढली ती १५ ऑगस्ट १९४९ रोजी. तीन पैपासून पंधरा रुपयांपर्यंत सोळा तिकिटे. तीन पैवर अजिंठ्याचा हत्ती, नऊ पैवर त्रिमूर्ती, पंधरा रुपयांवर पालिताण्याजवळील शत्रुंजयाचे मंदिर. ताजमहाल, कुतुबमिनार, सुवर्णमंदिर, विजापूरचा गोलघुमट, सारे त्यात आहे. ध्वज मात्र कोठेच नाही. साडेतीन आण्यांच्या जागी बोधगयेचे मंदिर आले. राजा गेला तो त्या दिवशी. पण त्याच्या जागी ध्वज आला नाही, देवळे आणि जुन्या वास्तू आल्या. मला व्यक्तिशः ती मालिका अतिशय सुंदर वाटते. तरीही गुरुजींच्या प्रश्नाचे उत्तर तिच्यात नाही.

मधल्या १९४८ सालीही एक गंमत झाली. गांधीजींच्या स्मृत्यर्थ १५ ऑगस्ट १९४८ रोजी चार तिकिटे निघाली. त्यांतही एक साडेतीन आण्यांचे होते. ती छापली गेली स्वित्झर्लंडच्या कूर्व्हाझिए छापखान्यात. ध्वज नाशिकचा आणि स्वदेशीचा पुरस्कर्ता परदेशी छपाईचा! छपाई देखणी आहे, यात शंका नाही. पण मला नाशिकचा तो किंचित भरड झेंडा अधिक जवळचा वाटतो.

गुरुजींच्या कार्डानंतर मी वडिलांची ट्रंक उघडली. आमचे घर बडोद्याचे. आजोबा सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत नोकरीनिमित्त येथे आले. काका मुंबईस गिरगावात असत, आत्या पुण्यास. वडिलांना पत्रे जपण्याची सवय होती. ती वर्षवार सुतळीने बांधून ठेवीत. १९४७ ते १९४९ या तीन वर्षांची तीन पुडकी मी एकेक पत्र पाहत चाळली. दोन दिवस लागले. त्यांत रेशनच्या ज्वारीबद्दल आहे, माझ्या थोरल्या बहिणीच्या बारशाबद्दल आहे, आत्याच्या दम्याबद्दल आहे. बडोद्यास गोळा होणाऱ्या निर्वासितांबद्दल वडिलांनी काही विचारले असावे, कारण काकांनी मुंबईच्या निर्वासितांबद्दल दीड पान लिहिले आहे. पाकिटांवर राजा आहे. डिसेंबर १९४७ नंतर मधूनमधून सिंह आहेत. पुन्हा राजा आहे. तीन पुडक्यांत ध्वज एकदाही नाही.

एक पाकीट मात्र मी बाजूला काढून ठेवले. ते काकांचे, मुंबईहून आलेले, ऑगस्ट १९४७च्या अखेरचे. तिकीट राजाचे आहे आणि त्यावर टपालखात्याचा जो शिक्का मारला आहे, त्यात ‘जय हिंद’ हे शब्द आहेत. स्वातंत्र्यदिनापासून टपालखात्याने हा घोषणेचा शिक्का वापरावयास घेतला होता. नवे तिकीट तयार नव्हते, तेव्हा जुन्याच तिकिटावर नवा शिक्का. काकांनी तो पाहिला नसणार, कारण शिक्का बसतो पत्र पेटीत पडल्यावर. वडिलांनी पाहिला असेल. पण त्याबद्दल त्यांनी आम्हाला कधी काही सांगितले नाही. राजाच्या गालावर तिरपे उमटलेले ते दोन शब्द पाहून मी माझे ते आवडते वाक्य खोडले.

येथे बडोद्याबद्दल थोडे विषयांतर करतो. भोर संस्थानाने १८७९ साली स्वतःची तिकिटे काढली, इंदूरच्या होळकरांनी १८८६ साली, आपल्या शेजारच्या राजपिपळ्याने १८८० साली. बडोदे त्या सर्वांहून मोठे आणि श्रीमंत. त्याची स्वतःची कोर्टाची आणि पावतीची तिकिटे होती. पण टपालाची तिकिटे गायकवाडांनी कधी काढली नाहीत. या भागात तर महीच्या पलीकडे ब्रिटिशांचा खेडा जिल्हा, अलीकडे बडोद्याचा मुलूख आणि त्यात मिसळलेली लहान लहान ठाणी. हद्दी पावलोपावली बदलत. टपाल मात्र एकच होते. त्यामुळे १ मे १९४९ रोजी बडोदे मुंबई राज्यात विलीन झाले तेव्हा येथील माणसाच्या पाकिटावर काहीच बदलले नाही. संस्थान गेले, हे त्याला तिकिटावरून कळण्याचा मार्गच नव्हता.

पुढे गुरुजींची गाठ पडली ती याच शाळेत. त्यांच्या वर्गाच्या कपाटात एक जाड वही होती. तिच्या एका पानावर ध्वजाचे कोरे तिकीट काचकागदाखाली लावले होते आणि शेजारी तेवढ्याच आकाराचा रिकामा चौकोन पेन्सिलीने आखला होता. चौकोनाखाली लिहिले होते, ‘वापरलेले’. १५ ऑगस्टला ते मुलांना ही वही दाखवीत. त्या वेळी एका पालकाने विचारलेला प्रश्न त्यांनी मला सांगितला. तिकीट वापरले की त्यावर काळा शिक्का बसतो. मग झेंड्याच्या चित्रावर शिक्का मारणे हा ध्वजाचा अपमान नव्हे काय?

प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. राष्ट्रीय प्रतिष्ठेच्या अवमानास प्रतिबंध करणारा १९७१ चा कायदा ध्वजाच्या चित्रालाही ध्वजच मानतो, मग ते कोणत्याही पदार्थावर काढलेले असो. २००२ साली अमलात आलेली ध्वजसंहिता सांगते की, समारंभ संपल्यावर कागदी झेंडे जमिनीवर टाकू नयेत, त्यांचा निरोप एकांतात आणि मानाने घ्यावा. तिकीट हाही कागदच. अमेरिकेत ४ जुलै १९५७ रोजी चार सेंटचे तिकीट निघाले, तेव्हा प्रथमच त्यांचा ध्वज त्याच्या स्वतःच्या रंगांत तिकिटावर आला. त्यावर ४८ तारे होते. राज्ये वाढली तशी १९५९ साली ४९ ताऱ्यांचे आणि १९६० साली ५० ताऱ्यांचे तिकीट त्यांनी काढले. पुढे तर ध्वज हे त्यांच्या रोजच्या तिकिटांचे नेहमीचे चित्र होऊन बसले आणि त्यावर दररोज लक्षावधी शिक्के बसत आले.

गुरुजींनी त्या पालकाला दिलेले उत्तर त्यांच्या विषयाला शोभणारे होते. ते म्हणाले, शिक्का म्हणजे पोच आहे. ज्यावर शिक्का नाही ते तिकीट कामावर गेलेलेच नाही. मला हे उत्तर तेव्हा पुरेसे वाटले नव्हते आणि आजही पूर्णपणे वाटत नाही. शिक्का मारणाऱ्याचा हेतू अपमानाचा नसतो, एवढे खरे. पण आपण आपल्या सर्वांत आदराच्या चिन्हाला मुद्दाम अशा जागी नेमतो, जेथे त्याने जिभेवर भिजावे, शाईने माखावे आणि शेवटी केराच्या टोपलीत जावे, ही गोष्ट विचार करावयास लावते. १९४९ च्या मालिकेत ध्वज का नव्हता, याचे एक कारण हा संकोच असेल काय? कागदोपत्री पुरावा माझ्यापाशी नाही, म्हणून मी हा प्रश्न येथेच सोडतो.

नंदेसरीत बोलत असल्यामुळे रंगाबद्दल दोन शब्द सांगावयास हवेत. या वसाहतीत रंगद्रव्ये तयार होतात. समोर बसलेल्या कित्येकांनी कारखान्यात शेड जुळविण्यासाठी रात्रपाळ्या केल्या आहेत. खानदेशातून, पंचमहालातून, उत्तर प्रदेशातून आलेली आपण माणसे. एका घाण्यातला रंग दुसऱ्या घाण्याशी जुळत नाही, हे आपणांस मी सांगावे असे नाही. ध्वजाच्या ठरावात गडद केशरी, पांढरा आणि गडद हिरवा असे तीन रंग सारख्या प्रमाणात सांगितले आहेत आणि चक्र गडद निळे. पण केशरी म्हणजे नेमका कोणता? त्याचे मोजमाप ठरले १९५१ साली. भारतीय मानक संस्थेने काढलेले पहिल्या क्रमांकाचे मानक राष्ट्रध्वजाचे आहे. १९४७ साली नाशिकच्या कारागिरांपुढे असे कोणतेही मोजमाप नव्हते. त्यांनी तीन शाया वापरल्या: नारिंगीकडे झुकणारी तांबूस, हिरवी आणि निळी. पांढऱ्या पट्ट्यासाठी शाई लागत नाही. तेथे कागदच उघडा राहतो. हे गुरुजींनी मला भिंगातून दाखविले तेव्हा मी बराच वेळ पाहत राहिलो.

आता त्या रिकाम्या चौकोनाविषयी. तो रिकामा का होता, हे कळावयास कोरे गणित पुरे आहे. जे तिकीट परदेशी जाण्यासाठीच होते, ते वापरले गेले की देशाबाहेरच जाणार. कोरी तिकिटे येथे राहिली, वापरलेली कंपालात, लंडनमध्ये, सिंगापुरात पोहोचली. कोणी परत आणली तरच ती येथे दिसावयाची. गुरुजींना बाजारातून विकत घेतलेले तिकीट नको होते. त्यांना हवे होते या परिसरातून गेलेले आणि त्याच पत्रावर असलेले.

ते मिळाले त्यांच्या पश्चात. विद्यापीठात माझ्या वर्गात असलेली एक विद्यार्थिनी महीपलीकडची, चरोतरातली. त्या भागातून किती कुटुंबे पूर्व आफ्रिकेत गेली, हे आपण जाणता. मुंबईहून आगबोटीने मोंबासा आणि तेथून रेल्वेने आत, थेट कंपालापर्यंत. मी निवृत्त झाल्यावर एकदा तिच्या घरी गेलो असता हा विषय निघाला आणि तिच्या वडिलांनी आतून एक डबा आणला. डब्यात त्यांच्या आईचे, सारे घर जिला ‘बा’ म्हणत असे तिचे, थोडे सामान होते. त्यात एक पाकीट होते. पत्ता कंपालाचा. तिकिटे दोन: एक ध्वजाचे आणि त्याला चिकटून एक सहाव्या जॉर्जचे. गावच्या टपालकचेरीचा शिक्का मार्च १९४८ चा. तो निम्मा ध्वजावर बसला आहे आणि निम्मा राजावर. मागल्या बाजूस आफ्रिकेतील दोन शिक्के आहेत. पत्ता निळ्या पेन्सिलीने खोडून पाकीट परत पाठविलेले.

पाकीट फोडलेले नव्हते. मी कारण विचारले. बाला लिहिता येत नसे. गावच्या मास्तरांकडून तिने नवऱ्याला पत्र लिहवून घेतले होते. पत्र तेथे पोहोचण्यापूर्वीच तो नोकरी सोडून निघाला आणि पत्राच्या आधी घरी आला. पुढे दोन-तीन महिन्यांनी पत्र परत आले तेव्हा ज्याला सांगावयाचे तो समोर होता. मग फोडावयाचे कशाला, असे ती म्हणे. मात्र टाकूनही दिले नाही.

मी घरी आल्यावर रेल्वेचा नकाशा काढला. चरोतरातून मुंबईस जाणारे टपाल वासदवरून मही ओलांडून याच लोहमार्गाने बडोद्यास येते. म्हणजे ते पाकीट १९४८च्या वसंतात नंदेसरीवरून गेले, टपालाच्या डब्यात, शिवलेल्या पिशवीत. आणि काही महिन्यांनी याच स्थानकावरून परत गेले. फलाटावर उभ्या असलेल्या कोणालाही ते दिसले नसणार. घरी ते परत आले तेव्हा बाच्या हाती ध्वज पडला. पण टपालवाल्याच्या हातून तो आला, असे माझे १९९७ चे वाक्य जरी या एका घरापुरते खरे ठरले, तरी ते पत्र मूळ पत्त्यावर पोहोचले असते तर तेवढेही खरे ठरले नसते.

त्या कुटुंबाकडे मी पाकीट मागितले नाही. त्यांनीच त्याची रंगीत छायाप्रत करून दिली आणि शाळेने ती गुरुजींच्या वहीत, त्यांनी आखलेल्या चौकोनाजवळ लावली आहे. चौकोन तिकिटाएवढाच असल्यामुळे प्रत त्यात मावली नाही. ती पानाबाहेर थोडी आली आहे आणि घडी घालावी लागली आहे. वही बाहेरच्या मेजावर ठेवली आहे. कार्यक्रमानंतर ज्यांना पाहावयाची असेल त्यांनी अवश्य पाहावी. भिंगही तेथेच आहे.